नफा नदीपलीकडे

भूगोलाच्या मास्तरानं जगाच्या नकाशावर छडी फिरवावी, पगार घ्यावा आणि गप्प बसावं. नकाशातल्या देशांची अक्कल घरात आणू नये. हे मी अनुभवानं सांगतो आहे. अनुभव माझा असला तरी त्यापायी दुखला तो माझ्या बायकोचा खांदा, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

साल अठ्ठ्याहत्तर. आणीबाणी उठून गेली होती, पण तिची धास्ती आमच्या सिहोऱ्यात अजून मुक्कामाला होती. वर्तमानपत्रांत रोज कोणी ना कोणी बहुराष्ट्रीय कंपन्यांवर तोंडसुख घेत होतं. आमच्या शाळेत एक इंग्रजी मासिक यायचं. ते आधी मुख्याध्यापकांच्या घरी जाऊन राहायचं आणि तिथल्या सगळ्यांचं पोट भरलं की शाळेत यायचं, त्यामुळे आमच्या शाळेत जग नेहमी दोन-तीन महिने उशिरा घडायचं. तर त्या मासिकात मी तो लेख वाचला.

लेखात लिहिलं होतं की या कंपन्या माल बनवतात एका देशात, विकतात दुसऱ्या देशात आणि नफा ठेवतात तिसऱ्याच देशात. युक्ती सोपी होती. कंपनी आपलाच माल आपल्याच परदेशी शाखेला मातीमोल भावानं विकते. त्यामुळे घरी नफा नाही, आणि नफा नाही म्हणून करही नाही. शाखा तोच माल पुढं चढ्या भावानं विकते. नफा सगळा तिथं साठतो, आणि तिथं कर नसतो, कारण ती जागा म्हणजे समुद्रातलं एक टिचभर बेट असतं. त्या बेटाचं नाव वाचून मी उडालोच. हे बेट मी पंधरा वर्षं शिकवत होतो! आमच्या पाठ्यपुस्तकात त्याच्याविषयी एकच वाक्य होतं, 'येथे नारळ होतात.' जगातल्या मोठमोठ्या कंपन्यांचा नफा जिथं पिकतो त्या जागेला आम्ही नारळांवर बोळवत होतो. मला फसवल्यासारखं वाटलं.

आता माझ्या बायकोविषयी. वच्छला दंतमंजन बनवायची. आमचा मुलूख धानाचा, तुमसरच्या राइस मिलांच्या मागं तुसाच्या राखेचे ढीग पडलेले असायचे. तिनं ती राख आणून चाळली, त्यात मीठ, लवंग, बाभळीची साल आणि आणखी काय काय घातलं (ते तिनं मला आजतागायत सांगितलेलं नाही) आणि खलात कुटून कुटून असं काही मंजन केलं की गावातल्या तंबाखू खाणाऱ्यांचेही दात दिसू लागले. बुधवारच्या बाजारात ती पुड्या घेऊन बसायची आणि दुपारपर्यंत रिकामं टोपलं घेऊन परत यायची. पण कुटून कुटून तिचा उजवा खांदा गेला होता. केस विंचरायला हात वर जाईना. तुमसरच्या एका मिलवाल्याकडं छोटं कुटणयंत्र विकायला होतं. तो भला माणूस म्हणाला, "बाई, कार्तिकी पुनवेपर्यंत थांबतो, मंग दुसऱ्याले देऊन टाकीन." तेव्हापासून आमच्या घरात त्या यंत्राशिवाय दुसरा विषय नव्हता. वच्छला रात्री खांद्याला तेल चोळताना त्याच्याविषयी असं बोलायची की घरात सून यायची आहे असं वाटावं.

सगळं सुरळीत चाललं होतं, आणि म्हणूनच शेजारच्या परसरामजींना ते बघवलं नाही. परसरामजींनी सारी नोकरी तुमसरच्या जकात नाक्यावर काढली होती. निवृत्त झाले तरी नजर नाक्यावरचीच राहिली होती. कोणाच्या डोक्यावर टोपलं दिसलं की त्यांचा हात आपोआप आडवा व्हायचा. पावसाळ्याच्या तोंडाशी एके संध्याकाळी ते आमच्या ओट्यावर येऊन बसले, वच्छलाच्या पुड्यांकडं बघितलं आणि म्हणाले, "मास्तर, हे तुमी उघड्यावर करून राहिले?"

"मंजन उघड्यावर नाही करत, आत करते ती," मी म्हणालो.

"तसं नाही जी. कराचं काय? विक्रीकर! माल दिसला का कर लागते. अन् तुमी पडले सरकारच्या पगाराचे मास्तर. मास्तराच्या घरातून धंदा निघाला अन् धाड पडली, तं कर राहिला बाजूले, नोकरीच जाते."

"अहो, चार पुड्यांवर कसला कर?"

"चार पुड्या!" परसरामजी हसले. ते हसणं मला अजून ऐकू येतं. "तिरोड्याचा तो तेलवाला असाच मने. आज कुठं हाये तो?"

"कुठं आहे?"

"तेच तं कोणाले मालूम नाही," असं म्हणून ते चहा पिऊन निघून गेले.

कर खरंच लागतो की नाही हे मी कोणाला तरी विचारायला हवं होतं. पण विचारायचं म्हणजे कर खात्यालाच विचारायचं, आणि तिथं जाऊन 'माझ्या बायकोवर कर लागतो का हो?' असं विचारणं म्हणजे वाघाच्या जाळीत जाऊन जेवलास का म्हणून चौकशी करणं. मी विचारलं नाही. त्याऐवजी भीतीनं माझा ताबा घेतला. रस्त्यावर जीप वाजली की मी ताटावरून उठून दाराला कडी घालायचो. आणि मग वर्गात नकाशा टांगताना एकदम दिसलं. आपल्या गावाच्या पुढं वैनगंगा, वैनगंगेपलीकडं मध्य प्रदेश. राज्य वेगळं, कायदे वेगळे, साहेब वेगळे. आणि त्या परदेशात, डोंग्यानं नदी ओलांडली की पाऊण कोसावर, माझी धाकटी बहीण सत्यभामा दिलेली! कंपन्यांना बेटं शोधावी लागतात. आमच्या वडिलांनी ते सोयरीक करतानाच शोधून ठेवलं होतं.

घरी येऊन मी वच्छलाला सगळं समजावलं. पाटीवर नदी काढली, अलीकडं आपलं घर, पलीकडं सत्यभामेचं.

"म्हणजे मी कुटायचं, अन् खर्चाच्या भावानं वन्संले द्यायचं?"

"हो."

"अन् नफा त्यांच्या घरी?"

"त्यांच्या घरी, पण आपला. आपण हवा तेव्हा आणायचा."

"अन् इथल्या बाजारात?"

"इथं एक पुडीसुद्धा विकायची नाही. इथं आपण कोणी नाही. आपलं नाव कुठं येता कामा नये."

वच्छलानं पाटीवरच्या नदीवर या काठापासून त्या काठापर्यंत बोट फिरवलं. मग म्हणाली, "तुमी शिकलेले हा. करा बाप्पा." नवऱ्यावर विश्वास ठेवायची ही पद्धत मला तेव्हा फार आवडली होती.

सत्यभामेचा नवरा ताराचंद एका पायावर तयार झाला. जावईबापूंना मी कधी कुठल्या कामाला नाही म्हणताना पाहिलं नाही, आणि पुरं करतानाही. "आमच्याकडं कोणी इचारत नाही जी, भाऊ. आमच्या गावात सायब आला तं पोरं मागं धावतात, एवढा नवा वाटते." मला हायसं वाटलं.

पहिली खेप मी स्वतः घेऊन निघालो. पोत्यात मंजन, वर धानाची पेंढी, म्हणजे पाहणाऱ्याला वाटावं मास्तर बहिणीच्या गाईला वैरण नेतो आहे. डोंग्यात आणखी माणसं होती, एक शेळी होती. मध्यधारेत शेळीला पेंढीचा वास आला. तिनं पेंढी ओढली, मी पोतं ओढलं, डोंगा कलला आणि पोत्याचा खालचा भाग पाण्यात बुडाला. तुसाची राख ओली झाली की काय होतं ते मला माहीत नव्हतं. पलीकडं पोचेपर्यंत पोत्याची शिळा झाली. ती उतरवायला दोन माणसं लागली आणि सत्यभामेनं बरेच दिवस तिचा कपडे धुवायला उपयोग केला.

दुसऱ्या खेपेपासून मात्र जम बसला. ताराचंद सायकलला पिशव्या अडकवून वारासिवनीपर्यंतचे बाजार करू लागला. सत्यभामा घरी बसून विकायची, आणि खरी विक्री तीच करायची, कारण आजूबाजूच्या बाया तिच्याकडंच यायच्या. नफा साठू लागला. इकडं आमच्या घरी त्याचा वासही नव्हता. वच्छला आधीपेक्षा दुप्पट कुटत होती, कारण परदेशातून मागणी होती, आणि बाजारच्या दिवशी मिठामिरचीसाठी माझ्याकडं हात पसरत होती. पूर्वी ती स्वतःच्या पदराच्या गाठीतून आणायची. एकदा मी तिला म्हणालो, "मोठ्या कंपन्यांचं असंच असतं." तिनं खलात असा दणका दिला की मी शाळेत निघून गेलो.

गावातही एक अडचण उभी राहिली. सिहोऱ्याच्या माणसांना वच्छलाच्या मंजनाची सवय लागली होती. ते दारात यायचे आणि आम्ही 'बंद केलं' म्हणून सांगायचो, तेव्हा आतून कुटण्याचा आवाज यायचा. शेवटी मंजन हवं असणारे नदीपलीकडं जाऊन आणू लागले. परसरामजी तर डोंग्याचे पैसे देऊन गेले आणि आमच्याच भिंतीपलीकडं कुटलेलं मंजन चढ्या भावानं विकत घेऊन आले. येऊन मलाच म्हणाले, "मास्तर, मालावर एवढी जकात तं मीबी कधी नाही लावली."

दसऱ्याच्या सुमारास जीप आली. सकाळची वेळ, मी दाढी करत होतो, आणि जीप थेट आमच्या आळीत शिरून थांबली. खाकी कपड्यातली माणसं उतरली. एकानं वही काढली. मी अर्ध्या दाढीनं आत धावलो. घरात दोन पोती मंजन तयार होतं. लपवायला जागा एकच, धानाची ढोली. मी झाकण उघडलं आणि दोन्ही पोती त्यात ओतून मोकळा झालो. वच्छला "अवो, अवो" करत राहिली. मग दारात जाऊन, पुसलेल्या तोंडानं, अर्ध्या दाढीनं उभा राहिलो आणि म्हणालो, "या साहेब. आमच्याकडं काही नाही."

"काही नको गुर्जी," तो म्हणाला, "मलेरियाचा फवारा मारायचा हाये. भांडीकुंडी झाकून घ्या."

त्यांनी फवारा मारला, दारावर गेरूनं तारीख आणि काही आकडे लिहिले आणि गेले. त्या आकड्यांकडं मी आठवडाभर संशयानं बघत होतो. ढोलीतल्या धानात राख अशी मिसळली की पाखडून, धुऊनही जाईना. त्या महिन्यात आमच्या घरी भात करड्या रंगाचा व्हायचा आणि त्याला लवंगेचा वास यायचा. दात मात्र सगळ्यांचे चांगले राहिले. वच्छलानं पुन्हा दोन पोती कुटली. मी एकदा तिला कुटताना खिडकीतून पाहिलं. उजवा हात थकला म्हणून ती डाव्या हातानं कुटत होती, आणि डावाही थकला की नुसती बसून राहत होती. मला वाईट वाटलं. मी मनाशी म्हणालो, दिवाळी झाली की नफा आणू, यंत्र आणू, आणि ही सगळी दगदग संपेल.

भाऊबीजेला मी निघालो. बहिणीकडं रिकाम्या हातानं जायचं नसतं, म्हणून लुगडं घेतलं, करंज्या-अनारसे घेतले, तिच्या सासूला, धुरपताबाईंना, खण घेतला. निघताना वच्छला म्हणाली, "मिलवाल्याचा निरोप आला. पुनवेनंतर तो थांबत नाही मने. आठवणीनं आणजा." मी म्हणालो, "आणतो." एवढं सोपं वाटत होतं.

सत्यभामेनं ओवाळलं, मी तबकात ओवाळणी टाकली. चहा झाला, मी बशीत नाणं ठेवलं. हे आमच्याकडं असंच चालतं. माझे वडील सत्यभामेच्या घरी जाताना स्वतःच्या पाण्याचा तांब्या घेऊन जायचे. लेकीच्या घरचं पाणीसुद्धा घशाखाली उतरवायचं नाही, मग अन्न कुठलं. मी शिकलेला, म्हणून पाणी पितो, जेवतोही, पण जेवलो की ताटाखाली पैसे ठेवल्याशिवाय उठत नाही. लेकीबहिणीच्या घरी द्यायचं असतं, तिथून घ्यायचं नसतं. रीत आहे. ती मला पाळण्यातून ठाऊक होती. पण ती नकाशात दाखवलेली नसते, त्यामुळे योजना आखताना माझ्या ध्यानात आली नाही. आली ती आत्ता, सत्यभामेनं डबा आणून माझ्यासमोर ठेवला तेव्हा.

"घे दादा. सगळा जमवून ठेवला. एक पैसा इकडचा तिकडं नाही केला."

मी हात पुढं केला. पण तो डब्यापर्यंत पोचेना. पलीकडं खाटेवर धुरपताबाई बसल्या होत्या. त्यांनी डोळे किलकिले करून विचारलं, "काय होय ते?"

"मंजनाचे पैसे हायेत मामी," सत्यभामा म्हणाली. "दादाचे."

"दादाचे कसे? इकले तू. पैसा या घरात आला." धुरपताबाईंनी माझ्याकडं पाहिलं. आवाजात राग नव्हता, नवल होतं, ते जास्त वाईट. "भाऊबीजेच्या दिवशी भाऊ बहिणीच्या घरून पैसा उचलून नेते का जी? तुमच्या तिकडं असं निघालं का आता?"

मी हात मागं घेतला. "छे छे, नुसता बघत होतो," असं काहीतरी म्हणालो. सत्यभामेनं डबा पुढं सरकवला, मी मागं सरकवला. तिनं पुढं, मी मागं. ताराचंद म्हणाला, "घ्या ना भाऊ," आणि धुरपताबाईंनी त्याच्याकडं पाहिलं तसा तो बैलांना पाणी दाखवायला निघून गेला. त्या कंपन्यांच्या साहेबांना बहिणी नसाव्यात, असं मला वाटलं. मी सत्यभामेच्या पोराच्या हातावर आणखी एक नोट ठेवली आणि आलो होतो त्याहून हलका होऊन आडवा झालो. रात्रभर कूस बदलत होतो. वच्छलाला काय सांगायचं?

दुसऱ्या दिवशी तिच्या गावात मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा होती, म्हणून थांबलो. थांबल्यावर काही सुचेल अशी आशा होती. सुचलं काही नाही, फटफटी तेवढी आली. मी इतके महिने जीपच्या आवाजाला कान देऊन बसलो होतो की फटफटीकडं माझं लक्षच गेलं नाही. ओसरीवर मंजनाच्या पुड्या मांडलेल्या, समोर बायांची गर्दी, आणि गर्दीच्या मागं काळा चष्मा लावलेले एक साहेब उभे.

"ये मंजन किसका है?" साहेबांनी विचारलं. "सेल्स टॅक्स से आये हैं. मालिक कौन है?"

बाया पांगल्या. ताराचंदनं माझ्याकडं पाहिलं. मी ताराचंदकडं पाहिलं. साहेबांनी दोघांकडं पाहिलं आणि शिकलेला दिसतो म्हणून मला धरलं. माझी नोकरी, तिरोड्याचा तेलवाला, गेरूचे आकडे, सगळं डोळ्यांपुढं उभं राहिलं.

"मैं तो मेहमान हूँ," मी म्हणालो. "भूगोल पढ़ाता हूँ."

"भूगोल नहीं पूछा. मालिक पूछा."

"मी हावो," सत्यभामा म्हणाली.

ती डोक्यावर पदर घेऊन पुढं आली. पुड्यांच्या आणि साहेबांच्या मधे उभी राहिली. मला वाचवायला ती बोलली, हे मला कळलं, आणि मी गप्प राहिलो, हेही कळलं. साहेबांनी कागद काढला. "पति का नाम?"

"उनका कायको? उनोने दो-चार बाजार किया होगा, बस," सत्यभामा म्हणाली. ताराचंदनं मान हलवून कबुली दिली. "दुकान मेरा है. मेरा नाम लिखो साब. सत्यभामा."

साहेबांनी लिहिलं. बालाघाटला येऊन नोंदणी करा, कर भरा, नाही तर दंड होईल, असं दरडावलं. सत्यभामेनं विचारलं, "पैसा भरा तो रजिस्टर में नाम पक्का रहेगा ना? कोई काटेगा तो नहीं?" साहेबांनी चष्मा काढून तिच्याकडं पाहिलं. कर भरणाऱ्यानं असं विचारल्याचं त्यांच्या नोकरीत घडलं नसावं. "नहीं काटेगा बहन," ते म्हणाले आणि एक पुडी विकत घेऊन गेले.

मी सत्यभामेला म्हणालो, "कशाला नाव सांगितलंस? आता दरसाल कर भरत बसावं लागेल."

"भरीन ना," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते आणि ती हसत होती. "दादा, वावर यांच्या नावानं. घर मामाजीच्या नावानं. राशनच्या कार्डावर मी नुसती यांची बायको. आज पयल्यांदा सरकारनं मले इचारलं, का कोण हायेस तू म्हून."

परतताना डोंग्यात मी एकटाच होतो. पैसा पलीकडं राहिला होता, आणि आता तो कायद्यानंही सत्यभामेचा झाला होता.

घरी वच्छलाला सगळं सांगितलं. ओरडेल, रडेल, यंत्राचं काय म्हणेल, अशी तयारी ठेवली होती. ती खलाजवळ बसली होती, तिनं बत्ता खाली ठेवला. मग म्हणाली, "वन्संचं नाव लागलं?"

"लागलं."

"बरं झालं." तिनं खलातली राख एका बाजूला सारली. "अन् माझं कुठं हाये?"

"तुझं कुठंच नाही. कुठंच येऊ नये म्हणूनच तर मी एवढी खटपट केली!"

हे मी अभिमानानं म्हणालो होतो. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "उद्या भंडाऱ्याले जाऊ. मलेबी नोंदवा."

मी नोकरीची भीती घातली. ती म्हणाली, "कुटते मी. तुमी कुठं कुटता?" मी उठून शेजारी गेलो. परसरामजींना विचारलं तर ते म्हणाले, "मास्तर, आपल्या पायानं कोणी जाते का तिथं?" आणि मग हळूच, "बायकोच्या नावानं तं सगळेच करतात जी. त्याच्यात नोकरी काय जाते?" हे त्यांनी पावसाळ्यात का सांगितलं नाही, ते मी विचारलं नाही.

भंडाऱ्याच्या कार्यालयात पहिल्या खिडकीनं दुसरीकडं पाठवलं, दुसरीनं पहिलीकडं. तिसऱ्या खोलीतले कारकून जेवायला गेले होते. ते आले तेव्हा त्यांच्या टेबलाला खुर्ची नव्हती. खुर्ची आली, कारकून बसले, आणि कर भरायला आपण होऊन आलेली माणसं बघून त्यांना आमची दया आली असावी, कारण त्यांनी आम्हाला बसायला सांगितलं. मी व्यवहार समजावून सांगितला. खर्च इतका, भाव जवळजवळ तितकाच.

"म्हणजे नफा?"

"नाही," मी म्हणालो.

"कोणाले इकता?"

"माझ्या बहिणीला. फक्त तिलाच."

"दुसऱ्या कोणाले नाही? बाजारात नाही?" कारकुनांनी पेन खाली ठेवलं. "गुर्जी, तुमी बहिणीच्या घरी माल पोचवून देता, वर काही घेत नाही. याले आमी व्यापार नाही मनत. हा आहेर होय. आहेराले कर नसते. जा बाई घरी, खुशाल राहा. तुमचं नोंदवण्यासारखं काहीच नाही."

मी उडी मारायचाच बाकी होतो. इकडं कर नाही, तो बसला पलीकडं, माझी नोकरी शाबूत आणि प्रत्यक्ष सरकारी खात्यानं माझी योजना निर्दोष ठरवलेली! त्या कंपन्यांचे मोठे साहेब तिथं असते तर त्यांनी मला हार घातला असता. मी आनंदानं वच्छलाकडं वळलो.

ती टेबलाला धरून उभी होती. दुसरा हात दुखऱ्या खांद्यावर होता.

"काहीच नाही?" ती कारकुनांना म्हणाली. "अवो, मी पावसाळाभर कुटलं ना."

कारकुनांनी माझ्याकडं पाहिलं. मी त्यांनी खाली ठेवलेल्या पेनकडं पाहिलं. लाज म्हणजे काय ते मला त्या दिवशी सरकारी कचेरीत, दुपारी, चांगल्या उजेडात कळलं.

परत आम्ही बसनं निघालो. वरठीच्या रेल्वे फाटकापाशी बस थांबली तेव्हा वच्छला म्हणाली, "वन्संले निरोप धाडा. या खेपेपासून भाव मी सांगीन. त्या बाजारात इकतात त्याच्या थोडा खाली, त्याइले सुटले पायजे तेवढं सोडून. पैसे आधी, माल मंग."

"बहिणीकडून पैसे कसे घ्यायचे? रीत..."

"इकल्या मालाचे पैसे घ्याले कोणती रीत आडवी येते जी? उसने नाही, आहेर नाही. मोल हाये ते. त्या देतील, अन् खुशीनं देतील. तुमच्यापेक्षा त्याइले समजते."

मी विचार करून पाहिला. कुठंच अडचण सापडेना. धुरपताबाईंनाही सापडली नसती. एवढी साधी गोष्ट त्या इंग्रजी लेखात कशी नव्हती याचं मला नवल वाटलं.

"पण वच्छला," मी म्हणालो, "हा भाव लावला तर आपल्याला कर लागेल."

"लागू द्या. कुटणारी मी हावो, भरणारीबी मीच."

"आणि मिलवाला?"

"तुमसरले उतरून त्याच्याशी मी बोलते. तुमी मधात बोलू नका."

खिडकी तिच्या बाजूला होती. रस्ता खराब होता, बस प्रत्येक खड्ड्यात आदळत होती आणि दर वेळी तिचा खांदा बसच्या पत्र्यावर बसत होता. मी तिला जागा बदलायला सांगितलं. तिला खिडकी हवी होती, ती उठली नाही. मग मी माझा पंचा घडी करून तिचा खांदा आणि पत्रा यांच्यामध्ये धरला, आणि कर किती बसेल या काळजीत तुमसरपर्यंत तो तसाच धरून बसलो.